लांजेवार सरांची चुंगडी

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली शेंडेबाई सकाळीच माझ्या दारात येऊन बसली. तिच्या पोराला मस्कतला एसी दुरुस्तीचं काम मिळत होतं, आणि इकडे तुमसरातच एका दुकानदाराने त्याला भागीदारीत घ्यायची तयारी दाखवली होती. "तुम्ही शिकल्यासवरल्या आहा, सांगा न जी, पाठवू का नोको पाठवू?" असं ती विचारत होती. मी चहा टाकला, तिला आणि स्वतःला पाजला, आणि इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेली. जाता जाता ती म्हणाली, "लांजेवार सर असते त कायले तुमच्याकडे आली असती." हे ऐकून मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण सर असते तर मीच तिला हाताला धरून त्यांच्या घरापुढच्या छपरीत नेऊन बसवलं असतं.

सर गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. आम्ही दोघं एकाच आयटीआयमध्ये शिकवायचो. ते टर्नरचे निदेशक आणि मी शिवणकामाची. शिवाय शेजारी, तेही असे की दोन घरांमध्ये भिंत एकच. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझा मुलगा आमच्याकडे ताट घ्यायचा. इतक्या वर्षांत मी सरांना निर्धास्त बसलेलं म्हणून कधी पाहिलं नाही. मी स्वतः काही वाघीण नाही, पालीला पाहून पाटावर चढणारी बाई आहे. पण सरांपुढे मी म्हणजे पहिलवान.

त्यांच्या गळ्यात कायम एक सुतळी असायची आणि सुतळीला लोखंडाची टी-आकाराची चावी. नवा माणूस बघतच राहायचा. लोखंड फिरवत कातणाऱ्या लेथ मशीनवर तुकडा पकडणारा जो जबडा असतो, तो आवळायची ही चावी. ती जबड्यातच विसरून कोणी मशीन सुरू केली, तर सुटून कोणाच्या कपाळात बसेल सांगता येत नाही. म्हणून सरांनी बाकीच्या सगळ्या चाव्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या आणि आख्ख्या वर्कशॉपसाठी एकच वापरात होती, ती त्यांच्या गळ्यात. पोरांनी येऊन मागायची, जबडा आवळायचा, आणि चावी परत सरांच्या पसरलेल्या हातावर ठेवायची. तोपर्यंत सर तिथून हलायचे नाहीत. प्राचार्य कुरकुर करायचे की यामुळे कामाचा खोळंबा होतो. सर खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काम थांबलं त चालते साहेब. डोकं फुटलं त मी त्याच्या मायले काय सांगू?"

ती चावी काढायला ते घरीही विसरायचे. जेवताना ती वरणाच्या वाटीवर टकटक वाजायची.

बाकी भीतींची तर गणतीच नको. आभाळात एक ढग आला की सर घरातले सगळे प्लग काढायचे आणि मग भिंतीवर थाप मारून मलाही काढायला लावायचे. आमच्याकडे रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायांवर वीज पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेव्हा या भीतीला हसायची सोय नव्हती. पण कोणाच्या गाडीवर मागे बसले की दोन्ही पायांनी ब्रेक दाबत राहायचे, याला मी हसायची. सगळ्यात जास्त भीती फोनची. अनोळखी नंबर दिसला की पहिल्या घंटीला कधी उचलायचे नाहीत. आधी खिशातून रुमाल काढून दोन्ही हात नीट पुसायचे, बोटं न् बोटं, आणि मगच फोन कानाला लावायचे. मी एकदा विचारलं, "सर, फोनवरून काय तेल गळते का?" ते म्हणाले, "काय आयकाले भेटन सांगता येत नाही न मॅडम. हात त कोरडे पायजेत."

आता अशा माणसाकडे लोक सल्ला विचारायला का यायचे, ते सांगते. सरांच्या हाताखालून गेलेली निम्मी पोरं बाहेर होती. कोणी कतारला, कोणी मस्कतला, आणि बरीचशी आफ्रिकेतल्या राईस मिलांत. तुमसरात मिलांच्या आवाजात वाढलेल्या पोराला तिकडे मागणी असते. त्यामुळे रविवारी सकाळी सरांच्या छपरीत करडीचे, आंधळगावचे, मोहाडीकडचे आईबाप पोराला घेऊन येऊन बसायचे. सर त्यांना 'जा' म्हणायचे नाहीत आणि 'नको जाऊ' असंही म्हणायचे नाहीत. फक्त पोराला एक प्रश्न विचारायचे, "तुले भेव कायचं वाटते?"

बहुतेक पोरं छाती काढून म्हणायची, "कायचंच नाही सर."

"मंग जाय घरी. तू अजून विचारच केला नाही."

पोरगं हिरमुसून जायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी परत यायचं. तेव्हा मात्र खरं बोलायचं. मायची तब्येत, तिकडचा शेठ पासपोर्ट ठेवून घेतो म्हणतात, भाषा येत नाही, किंवा इथेच राहिलो तर लग्नाला पोरगी मिळणार नाही, असं काहीबाही. सर सगळं ऐकायचे, मग विचारायचे, "आता याच्यातलं तुझं सवताचं भेव कोनतं आनि लोकायनं देल्लं कोनतं, थे निवड." तांदळातले खडे निवडावेत तसं ते पोराकडूनच निवडून घ्यायचे. निवडणं झालं की पोरालाच कळायचं काय करायचं ते. आईबाप मात्र तसेच उठायचे. त्यांना वाटायचं, सरांनी काही सांगितलंच नाही.

खरं म्हणजे लोक सरांकडे यायचे आणि पाठीमागे हसायचेही. कारण सर स्वतः एकदा परदेशी निघाले होते, आणि ते कसे परत आले हे तुमसरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

गोष्ट अशी. लग्नानंतर लगेच सरांना आखातात एका वर्कशॉपमध्ये चांगली नोकरी लागली. हार घालून, बँड लावून लोकांनी त्यांना तुमसर रोड स्टेशनवर गाडीत बसवलं. सामानात एक पेटी, आणि त्यांच्या गावच्या, करडीच्या बांधीतला चिन्नोर तांदूळ भरलेलं एक पोतं, आमच्याकडे चुंगडी म्हणतात ती. आमच्याकडचा माणूस दोन्ही वेळा भात खाणारा, मधल्या वेळेला मिळाला तरी नाही म्हणत नाही. तिकडे आपला तांदूळ मिळणार नाही म्हणून सरांनी चुंगडी नेली, यात कोणाला नवल वाटलं नाही. मुंबईला विमानतळावर मात्र त्या चुंगडीचं वजन जास्त भरलं. कौंटरवरचा माणूस म्हणाला, हे सोडा नाहीतर बाजूला व्हा. सर बाजूला झाले. विमान गेलं, आणि चौथ्या दिवशी सर डोक्यावर चुंगडी घेऊन परत तुमसरात उतरले. तेव्हापासून पानठेल्यावर कोणी हट्टाला पेटला की लोक म्हणायचे, याची लांजेवार सरांची चुंगडी झाली. भातासाठी विमान सोडणारा माणूस म्हणून सर ओळखले जाऊ लागले. सरांसमोर कोणी म्हटलं तरी ते ओठ मुडपून हसायचे आणि म्हणायचे, "चिन्नोर होता न बापा, कसा सोडू?"

मुलगी मोनाली लहान असतानाच त्यांची बायको वारली. मोनाली ही त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की ती आयटीआयमध्ये येऊन माझ्या शिलाई मशीनच्या खोलीत बसावी अशी सरांची इच्छा, पण ती पाच मिनिटांत निसटून लेथपाशी जायची. लोखंडाची गोल गोल निघणारी साल तिला फार आवडायची. गरम साल हातात घेऊ नये म्हणून सर ओरडायचे, आणि ती फ्रॉकच्या घोळात गोळा करून माझ्याकडे आणायची. माझ्या कापडाच्या कपाटात अजूनही कुठे कुठे ती साल सापडते.

सरांची भीती किती खोल होती, ते मला आशिषच्या वेळी कळलं. आशिष आंधळगावचा, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणणाऱ्या घरातला. सरांचा विद्यार्थी. तो आफ्रिकेतल्या एका मिलमध्ये कामाला लागला आणि एका पावसाळ्यात त्याचा फोन बंद झाला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. एजंट उडवाउडवीची उत्तरं द्यायचा. त्याची आई रोज बसने तुमसरला यायची आणि आयटीआयच्या पायऱ्यांवर बसून राहायची. ती रडायची नाही, सरांना काही बोलायचीही नाही. सूत भरायची कांडी बरोबर आणलेली असायची, ती हातात धरून नुसती फिरवायची. सरांनी आशिषला 'जा' म्हटलं नव्हतं. पण लेथ तर त्यांनीच शिकवली होती, आणि ती बाई पायऱ्यांवर बसली की सरांना शॉपच्या बाहेर पाऊल टाकता यायचं नाही. मागच्या खिडकीतून त्यांना डबा मी द्यायची. तो तसाच परत यायचा.

मग एका दुपारी फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. सगळा शॉप थांबला, पोरांनी मशीन बंद केल्या. सर हात पुसत होते, पुसतच होते. शेवटी मीच फोन उचलून त्यांच्या कानाला लावला. आशिषच होता. त्याचा फोन धान भिजवायच्या हौदात पडला होता, पुरामुळे रस्ता बंद होता, आणि दुसरा फोन मिळायला इतके दिवस लागले होते. सरांनी त्याला रागावलं नाही. एवढंच विचारलं, "जेवाले भेटते न?" मग फोन पायऱ्यांवरून आत धावून आलेल्या त्याच्या आईकडे दिला आणि गडबडीत टेबलावर राहिलेली चावी उचलून गळ्यात घालायला गेले. सुतळी कानातच अडकली. मी मदत केली तेव्हा हळूच म्हणाले, "मॅडम, हा दुसऱ्याचा पोरगा आहे. आपलं लेकरू असलं त मी मरूनच जाईन."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण मोनाली तेव्हा डिप्लोमा संपवून घरी आली होती.

तिने नोकरी शोधली नाही. मिलांच्या रांगेच्या मागे एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, एक जुनी लेथ टाकली आणि मिलांची कामं घ्यायला लागली. हंगामात मिलचा शाफ्ट तुटला की सगळं ठप्प होतं, धानाच्या गाड्या दाराशी उभ्या राहतात. सुरुवातीला मिलवाले शेडमध्ये येऊन विचारायचे, "मिस्त्री कुठी गेला?" ती म्हणायची, "मीच आहो. काय तुटलं दाखवा." वर्षभरात असं झालं की मिस्त्री कुठी आहे हे कोणी विचारेनासं झालं, सगळे थेट मोनालीलाच हाका मारू लागले. सर रोज दुपारी जेवून शेडवर एक चक्कर मारायचे. पोरीची विचारपूस नंतर, आधी लेथच्या जबड्यात डोकावून चावी काढली आहे का ते बघायचे.

कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नादाने तिने नागपूरला जर्मन भाषेचा क्लास लावला होता. सरांना वाटलं, शिकते तर शिकू दे. आणि मग एके दिवशी जर्मनीतल्या एका कारखान्याने तिला बोलावलं. इकडे शेड नुकती पायावर उभी राहिली होती, दुसरी लेथ घ्यायचं चाललं होतं. तिकडे मात्र तिने फक्त चित्रात पाहिलेल्या मशीनवर काम करायला मिळणार होतं. हो की नाही, ते महिन्याच्या आत कळवायचं होतं.

मला वाटलं, आता सर अंथरूण धरतील. झालं उलटंच. सर एकाएकी शूर झाले. अनोळखी नंबरचा फोन पटकन उचलू लागले. माझ्या मुलाच्या गाडीवर पाय न दाबता बसले. एका संध्याकाळी आभाळ काळंकुट्ट झालं, विजा कडाडायला लागल्या, आणि मी प्लग काढायला धावले तर भिंतीवर थाप आलीच नाही. बाहेर येऊन पाहते तो सर छपरीत खुर्ची टाकून बसलेले, आभाळाकडे बघत. आत मोनाली स्वयंपाक करत होती. मी जवळ गेले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"हे काय सर?"

"हळू बोला न जी. पोरगी पाहून राहिली." मग एक वीज चमकली, त्यांनी डोळे घट्ट मिटून उघडले. "मले भेताना पाहून तिनं ठरवू नोये. तिचं तिले ठरवू द्या."

मी घरात आले, पण मला चैन पडेना. माणूस भ्याला की ओरडतो, पळतो, देवाचं नाव घेतो. हा माणूस घरातल्या घरात, भाजीला फोडणी घालणाऱ्या पोरीसाठी, गप्प बसून भीत होता. भिंतीला कान लावावा तर नुसती त्यांची खुर्ची करकरताना ऐकू यायची.

पण अशी दाबलेली भीती कुठून तरी बाहेर निघतेच. सरांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी चहाच्या डब्यामागे लपवल्या, आणि अर्थातच मोनालीला सापडल्या.

दुसऱ्या दिवशी मी लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, ते द्यायला दुपारी शेडवर गेले. मोनाली लेथ पुसत होती. मला म्हणाली, "काकू, मी नाही म्हणून कळवून टाकते. बाबाले अशा हालतीत सोडून कशी जाऊ?" बोलताना तिचा चेहरा मला जरा हलका झाल्यासारखा वाटला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. तेवढ्यात सर आले. त्यांनी ते ऐकलं होतं.

नेहमीसारखे ते आधी लेथकडे गेले, जबड्यात डोकावले. मग तिथेच स्टुलावर बसले.

"गोऱ्या सापडल्या वाटते तुले," ते म्हणाले. आमच्याकडे जुनी माणसं गोळीला गोरी म्हणतात, आणि सर घाबरले की त्यांची भाषा थेट करडीला जाऊन पोचायची.

"सापडल्या. मले काहून नाही सांगितलं?"

बाजूच्या मिलचा कोंढा उडत होता, तो त्यांच्या केसांवर बसत होता.

"मोने, माझी मुंबईची गोष्ट तुले मालूम आहे न? तांदळाची?"

"आख्ख्या गावाले मालूम आहे बाबा."

"गावाले जे मालूम आहे थे खोटं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागले तर हाताने बसा म्हणाले. "एजंटानं वजन सांगितलं होतं. किती चालते, किती नाही, सगळं. मी घरून बरोबर तेवढाच तांदूळ घेतला होता. मंग मुंबईले, ज्या खोलीत उतरलो होतो, तिथं रातभर मले झोप नाही. सकारी बाजारात गेलो आनि अजून तांदूळ घेऊन चुंगडीत भरला. थो चिन्नोर नव्हता का काही नव्हता. जो भेटला थो भरला."

मोनालीला कळायला थोडा वेळ लागला. मलाही लागला.

"काहून?" तिने विचारलं.

"कोनीतरी अडवावं म्हणून. मले भेव वाटत होतं, आनि मी भेलो म्हणून वापस आलो असं सांगाची हिंमत नव्हती. तांदळानं अडवलं असं सांगता आलं. थो कौंटरवाला भला मानूस होता. मले म्हणे, थोडासा निकाल दो, हो जाएगा. मी नाही काढला." सर थांबले. "तुझ्या मायलेबी सांगितलं नाही मी हे. लोक हासले त मी हासलो. नोकरी लागली, घर झालं, तू झाली, माझं वाईट काहीच झालं नाही इथी. पन मी इथं राहिलो थे राहाचं ठरवून नाही राहिलो. चुंगडीच्या मांगं लपून राहिलो."

वडे थंड होत होते.

"आता तू मले चुंगडी बनवून राहिली," सर म्हणाले. "नोको बनवू, बाई. माझ्या गोऱ्या मी खाईन. तुले शेड पायजे त शेडसाठी राय, मी नाचीन. पन माझ्यासाठी नोको राहू. उद्या मी मेलो त तू कायच्या मांगं लपशील?"

मोनाली खाली बसली, अगदी जमिनीवर, लोखंडाच्या सालीत. मग ती रडली. तिला रडताना मी तिची आई गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहत होते. "बाबा, मले भेव वाटते," ती म्हणाली. "तिथी माझ्याशी कोनी बोललंच नाही त? काम जमलं नाही त? आनि तुम्हाले काही झालं आनि मले येता आलं नाही त?"

"वाटते न," सर म्हणाले. "आता बरोबर बोलली. आनि इथं राहाचं भेव कायचं?"

ती विचार करत होती. "जलमभर म्हणत राहीन, का गेली असती त."

सरांनी मान डोलावली. निवडून द्यायचं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं, आणि स्वतःच्या पोरीसाठीही केलं नाही. त्या दिवशी रात्री भिंतीवर थाप आली. आभाळ तर निरभ्र होतं, पण मी बाहेर आले. सर छपरीत उभे होते. म्हणाले, "मॅडम, मी सांगितलं थे चुकलं का जी? आता ती गेलीच त?" त्यांचे दात वाजत होते. मी घरातून त्यांच्यासाठी शाल आणली.

मोनालीने जायचं ठरवलं. तिचा तिकडचा करार संपेपर्यंत शेड सर सांभाळतील असं ठरलं, ते नुकते रिटायर झालेच होते. जायच्या दिवसापर्यंत सर सकाळ-संध्याकाळ तिची बॅग भरायचे आणि उपसायचे. तांदूळ न्यायचा नाही, हे बापलेकीचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बॅग शेजारच्या मिलच्या काट्यावर नेऊन तोलली. वजन बरोबर बसलं. काट्यावरच्या माणसाने थट्टा केली, "सर, चुंगडी नाही का औंदा?" सर ओठ मुडपून हसले.

त्यानंतरही सर आमच्यात होते, शेडवर जात होते, गळ्यात चावी होती. मोनाली येऊन-जाऊन असायची, तिचं तिकडे बरं चाललं. लोक मला तेच विचारतात, म्हणून सांगितलं. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते नागपूरच्या विमानतळावरचे सर.

आम्ही दोघं काचेच्या दाराबाहेर उभे होतो. आतलं दिसत होतं. मोनाली कौंटरवर पोचली, बॅग पट्ट्यावर ठेवली. तिथल्या मुलीने काट्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. सरांचा हात काचेवर गेला. बंदूकवाला पहारेकरी म्हणाला, "अंकल, पीछे." सर मागे झाले नाहीत.

आत मोनालीने बॅग खाली घेतली, गुडघ्यांवर बसून उघडली, आणि कपड्यांच्या तळातून पांढऱ्या कापडाची एक गच्च भरलेली पिशवी काढली.

"तांदूळ," सर म्हणाले. "काट्यावर तोलली तवा नव्हता. तिनं मंग भरला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. काय झालं आहे ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. ती पिशवी हातात घेऊन मोनाली नुसती बसली होती. कौंटरवरची मुलगी काहीतरी बोलत होती, मागची रांग चुळबुळत होती. मग मोनाली उठली, बॅग तिथेच टाकली आणि पिशवी घेऊन दाराकडे यायला लागली.

"वापस येऊन राहिली," सर म्हणाले. त्या आवाजात आनंद होता की काय, मला आजही सांगता येणार नाही.

ती दारापाशी आली. पहारेकऱ्याने तिला अडवलं. तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि बोटाने सरांकडे दाखवलं. त्याने ती बाहेर आणून सरांना दिली. काचेपलीकडून ती काही बोलली, ते ऐकू आलं नाही. सरांनी पिशवी एका हाताने छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने आत दाखवलं. जा. ती थोडा वेळ बघत राहिली, मग वळली, बॅग बंद केली आणि पट्ट्यावर ठेवली.

मी म्हटलं, "चला सर, बसू कुठे तरी." ते म्हणाले, "थांबा न जी." पिशवी मी घेते म्हटलं तर दिली नाही. लोक येत होते, गाड्या लागत होत्या, सर त्या काचेसमोर तांदूळ धरून उभे. बऱ्याच वेळाने मी जाऊन विमान सुटलं का ते विचारून आले.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली सर."

तेव्हा कुठे त्यांनी पिशवी खाली ठेवली. खिशातून रुमाल काढला, दोन्ही हात पुसले, बोटं न् बोटं, आणि फोन हातात घेऊन उभे राहिले.